खाऱ्या हवेतले फिजिक्स : कुलगुरू आणि अभ्यासमंडळास खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
पदार्थविज्ञान अभ्यासमंडळाचे आणि संशोधन मान्यता समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : उपयोजित पदार्थविज्ञानातील संशोधनासाठी किनारपट्टीवर सामायिक उपकरण केंद्र सुरू करणे व स्थानिक विषयांना मान्यता देणे याबाबत

सविनय नमस्कार.

विषयाची ओळ मुद्दाम सरकारी भाषेत लिहिली आहे. तशी नसली तर आवक-जावक नोंदवहीत पत्राला नंबर पडत नाही, एवढे आता कळले आहे. पुढचे मात्र माझ्या भाषेत लिहिते.

मी सिंधुदुर्गात, समुद्राला लागून असलेल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात अप्लाइड फिजिक्समध्ये पीएच.डी. करते. ‘उरलेल्या वेळात’ हे वाचून कुणाला हसू आले तर येऊ दे. तासिकेवरच्या माणसाचे संशोधन रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात होते. मे महिन्यात तर मानधनही नसते. पण हे पत्र मानधनाबद्दल नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझे म्हणणे एवढेच : कोकण किनाऱ्यावर राहून जे फिजिक्स करता येते ते दुसरीकडे करता येत नाही, आणि आपल्या सध्याच्या व्यवस्थेत आम्हाला नेमके तेच करू दिले जात नाही.

यात मी नवीन काही सांगत नाही. मुंबईत कुलाब्याला 1826 साली वेधशाळा उभी राहिली आणि 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होऊ लागल्या. सप्टेंबर 1859 च्या प्रचंड सौर वादळात त्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने खाली आल्याची नोंद तिथे सापडते. आजही अंतराळ हवामानाचा अभ्यास करणारे लोक तो आलेख काढून बसतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे घाटू लागले. रुळांतून आणि तारांतून वाहणाऱ्या विजेचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. त्या गोंगाटात पृथ्वीचे क्षेत्र मोजणे अशक्य होणार, हे तेव्हाच्या लोकांनी आधीच ओळखले. वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत, 1904 साली, चुंबकीय वेधशाळा अलिबागला आली. चुंबकाला न जुमानणारे साहित्य निवडून तिच्या इमारती बांधल्या. शिवाय 1904 ते 1906 कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा नीट बसावा. ती वेधशाळा आजही चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी एका सरकारी खात्याला हे समजले होते की काही मोजमापे शहरात होत नाहीत, त्यासाठी खाडीपलीकडे कोकणात यावे लागते. ट्राम कधीच बंद पडल्या. त्यांच्यामुळे अलिबागला आलेल्या नोंदी मात्र आजतागायत चालू आहेत.

विजयदुर्गाची गोष्ट याच्या उलट. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली आणि ती पुढे हेलियमची ठरली. आमच्याकडे किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि दर 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिन होतो. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या ओट्यांवर दुर्बीण लावून बसले होते, असे भाषणांतून सांगतात. वास्तविक त्या ग्रहणासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला आले होते आणि लॉकियर इंग्लंडातच होते. त्यांनी ती रेषा ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवायच, पाहिली. हे बोलले की लोकांना वाईट वाटते, म्हणून मी ते सभेत बोलत नाही, वर्गात सांगते.

माझे दुखणे मात्र वेगळे आहे. हेलियमचा जयजयकार चालू असतो त्या दिवशी कॉलेजचा स्पेक्ट्रोमीटर कपाटात कुलूपबंद असतो. डेड स्टॉक रजिस्टरवर त्याची किंमत आहे, आणि ब्रेकेज झाले तर कुणी भरायचे हा प्रश्न आहे. इंचाला 15,000 रेषांची ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी पट्टी), सोडियमचा दिवा आणि हेलियमची डिस्चार्ज ट्यूब, एवढ्या सामानावर दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हे दोन पिवळे एकमेकांपासून वेगळे काढून दाखवू शकतो. हेलियमची रेषा 587.6 नॅनोमीटरला आहे, सोडियमची जोडी 589.0 आणि 589.6 ला. पहिल्या क्रमात कोनातला फरक पडतो तीन ते साडेचार मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या पंधराव्या भागाच्या आसपास. कॉलेजच्या स्पेक्ट्रोमीटरचे व्हर्नियर एक मिनिट वाचते. डोळा स्थिर ठेवला, फट पुरेशी बारीक केली, की फरक सापडतो. ही रेषा सुरुवातीला लोकांना सोडियमचीच का वाटली, हे त्या चार मिनिटांकडे स्वतः पाहिल्यावर जितके कळते तितके कुठल्याही भाषणाने कळत नाही. अभ्यासक्रमात हा प्रयोग ‘विजयदुर्ग’ या नावाने घातला तरी माझी हरकत नाही.

आता माझ्या कामाबद्दल. मी काचपट्टीवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर बसवते. पद्धत जुनीच आहे : झिंक ॲसिटेटचे द्रावण, 400 अंशांच्या आसपास तापवलेली काच, आणि वरून बारीक फवारा. थिन फिल्मचे, म्हणजे अशा पातळ थरांचे, काम घाटावर, विशेषतः कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, इतके झाले आहे की त्यात मी नवीन भर घालणार ती काय? पण थर तयार करून, चांदीच्या पेस्टने दोन टोके जोडून, मल्टिमीटर लावून खिडकीजवळ ठेवला की एक गंमत दिसते. जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी उशिरापर्यंत वारा जमिनीवरून येतो, तो कोरडा असतो. दुपारी वारा फिरतो, आणि काही मिनिटांत थराचा रोध घसरायला लागतो. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर बाष्प धरले जाते, त्यातून विजेला वाट मिळते. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. ते इथे ओहममध्ये वाचता येतात.

हा आलेख मी समितीपुढे ठेवला. पहिला शेरा आला : नमुना स्थिर नाही, आर्द्रता नियंत्रित करून पुन्हा मोजा. दुसरा : विषय फार लोकल आहे. पहिल्या शेऱ्यात तथ्य आहे, ते मी मान्य करते; नियंत्रित आर्द्रतेत मोजल्याशिवाय संवेदकाचे वर्तन सांगता येत नाही. पण ज्या चेंबरमध्ये आर्द्रता नियंत्रित करायची तो चेंबर कुठे आहे, हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. दुसरा शेरा मात्र मला अजून उमगलेला नाही. हवेतली आर्द्रता मोजणारे उपकरण जिथे हवा सर्वांत दमट आहे तिथे तपासायचे नाही, तर कुठे तपासायचे?

दमट हवेचा त्रास कोणाला सांगायचा तर आम्हीच सांगू. जून ते सप्टेंबर भिंगांवर बुरशी धरते. एफटीआयआरसाठी, म्हणजे अवरक्त प्रकाशाने नमुना तपासण्यासाठी, पोटॅशियम ब्रोमाइडची टिकली दाबायची तर ते मीठ बाटलीतून काढता काढता ओलावा खाते, आणि आलेखात 3400 तरंगसंख्येच्या आसपास पाण्याचा एवढा मोठा खड्डा येतो की आपल्या नमुन्याचे जे काही असेल ते त्यात बुडून जाते. रोटरी पंपाचे तर विचारू नका. बाहेरची दमट हवा आत ओढून दाबली की तिच्यातले बाष्प पंपातच पाणी होते, तेल दुधाळ पडते आणि निर्वात काही केल्या खाली उतरत नाही. गॅस बॅलास्टची झडप त्यासाठीच असते, ती उघडी ठेवून पंप बराच वेळ चालवायचा, मग झडप बंद करायची. हे पुस्तकात असते, पण पुस्तकातल्या त्या ओळीवर सहसा कुणाचे लक्ष जात नाही. आमच्या लॅब असिस्टंट काकांनी मला ते पंपाच्या आवाजावरून ओळखायला शिकवले. ते निवृत्त झाले. त्यांची जागा भरलेली नाही.

आणि वीज. भट्टी 450 अंशांवर स्थिर होऊन तासभर झाला की ढग गडगडतात आणि दिवे जातात. भट्टी आपल्या मर्जीने थंड होते आणि नमुना कोणत्या वेगाने थंड झाला हे कुणालाच सांगता येत नाही. असा नमुना फेकून द्यायचा असतो. मी फेकते.

सगळ्यात जास्त मला बोलायचे आहे ते गंजाबद्दल, कारण किनाऱ्यावरच्या माणसाचा उपयोजित फिजिक्सशी पहिला संबंध तिथेच येतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील मच्छीमार आहेत. मुलाच्या प्रोजेक्टचे ऐकून त्यांनी मला विचारले, “बाई, ह्या सगळा करून आमचो पत्रो गंजाचो थांबतलो काय?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फिजिक्समध्येच आहे.

लोखंड पावसाने गंजते असा सर्वसाधारण समज. पण किनाऱ्यावर पाऊस नसतानाही लोखंड ओले असते. लाटा फुटतात, तुषार उडतात, वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण आत येतात आणि पत्र्यावर बसतात. साधे मीठ सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतले बाष्प ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि त्याला त्यासाठी 33 टक्के पुरतात. म्हणजे ऐन हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारीसुद्धा त्या पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा खाऱ्या पाण्याचा थर असतो आणि गंजण्याचे काम चालू राहते. पावसाळ्यात उलट धो-धो सर आली की मीठ धुऊन जाते. म्हणून पत्र्याची जी बाजू पावसात भिजते तिच्यापेक्षा पन्हळीखालची, आडोशाची बाजू आधी खाल्ली जाते. गावात कुणाच्याही पडवीत जाऊन मान वर करून पाहा.

शहरातल्या कंपन्या याच कामासाठी सॉल्ट स्प्रे चेंबर विकत घेतात. त्यात 35 अंशांवर 5 टक्के मिठाच्या पाण्याचे धुके चोवीस तास सोडतात आणि रंग किती टिकतो ते बघतात. त्या चाचणीचे निष्कर्ष आणि खऱ्या किनाऱ्यावरचा अनुभव जुळत नाहीत ही जुनी तक्रार आहे, कारण खऱ्या किनाऱ्यावर ओले होणे आणि सुकणे आळीपाळीने होते. हा आळीपाळीचा खेळ आमच्या गच्चीवर फुकट चालू असतो.

हवेत मीठ किती, हे मोजायची पद्धत तर इतकी साधी आहे की ती अकरावीच्या मुलालाही जमेल. तिला ओल्या वातीची पद्धत म्हणता येईल. एक नळी, तिच्याभोवती गुंडाळलेले गॉज, त्याची टोके खालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेली. वर छोटेसे छप्पर, बाजू उघड्या. वात सतत ओली राहते, वारा तिच्यावर मीठ आणून टाकतो. महिन्याने वात धुऊन त्या पाण्यातला क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करायचा आणि दर चौरस मीटरला दर दिवशी किती मिलिग्रॅम, असा आकडा काढायचा. धातूंच्या गंजण्याच्या दृष्टीने हवेचे वर्ग ठरवणारे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात सर्वांत सौम्य सी-1 पासून सी-5 आणि त्याही पलीकडे सीएक्सपर्यंत वर्ग आहेत, आणि वर्ग ठरवताना हाच आकडा लागतो. किनाऱ्यापासून आत जाल तसा तो झपाट्याने उतरतो. किती झपाट्याने, हे गावागणिक बदलते : पुढे सुरूचे बन आहे की उघडी पुळण, खडकावर फुटणारी लाट आहे की सपाट किनारा, मध्ये टेकडी आहे की खाडी.

आता विचार करा. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत विज्ञान शाखेची किती महाविद्यालये आहेत. प्रत्येकाने गच्चीवर एक वात आणि चार धातूंच्या पट्ट्या टांगल्या तर वर्षाकाठी कोकण किनाऱ्याचा गंजाचा नकाशा तयार होईल. विजेचे खांब, पूल, सौर पॅनेलचे सांगाडे, बोटींची इंजिने, शाळांचे पत्रे, या सगळ्यांची खरेदी त्या नकाशावर बेतता येईल. सौर पॅनेलचा मुद्दा तर आजचाच आहे. घरोघरी छतावर पॅनेल चढत आहेत आणि खारी, दमट हवा त्यांच्या चौकटी, जोडण्या आणि काच यांचे काय करते याची इथली मोजणी कुणी सलग ठेवली तर ग्राहकाला वॉरंटीबद्दल निदान चार प्रश्न तरी विचारता येतील.

आणि इथेच उपकरणांचा प्रश्न येतो. जस्ताच्या पत्र्यावर पांढरा गंज येतो तो एकाच जातीचा नसतो. समुद्रापासून दूर असेल तर बहुधा जस्ताचा हायड्रॉक्सिकार्बोनेट सापडतो. किनाऱ्यावर क्लोराइड घुसलेले दुसरे संयुग सापडते, सायमनकोलाइट नावाचे. डोळ्यांना दोन्ही सारखीच पांढरी पूड. फरक एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणाऱ्या यंत्रात, दिसतो. त्या एका आलेखासाठी पूड खरवडून, डबीत भरून, निळी सिलिका जेल घालून, डबीला पॅराफिल्म गुंडाळून एसटीच्या पार्सलने पाठवायची. मग फोन. मग मशीन बंद आहे. मग मशीन सुरू झाले पण आतल्या विभागाच्या नमुन्यांची रांग आहे. डबी परत येते तेव्हा सिलिका जेल गुलाबी झालेली असते. वाटेत नमुन्याने किती ओलावा खाल्ला हे कोण सांगणार?

मुदतीचे घड्याळ मात्र चालू असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.ची कमाल मुदत 6 वर्षे आहे, पुनर्नोंदणीने ती वाढते, महिलांना आणखी 2 वर्षांची सवलत आहे. सवलतीबद्दल आभार. पण रांगेतले महिने त्यातून वजा होत नाहीत. त्याच नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्तीही काढली. समित्यांच्या मनातून ती अजून निघालेली नाही.

बाकीचे विषय भराभर सांगते, कारण प्रत्येकावर स्वतंत्र पत्र होईल. हापूसचा साका, म्हणजे गराचा आतून खराब झालेला भाग, बाहेरून दिसत नाही. पेटीतली दोन फळे तशी निघाली की बागायतदाराचे नाव जाते. फळ न कापता, नजीकच्या अवरक्त प्रकाशाने किंवा क्ष-किरणांनी तो ओळखायचा, हा शुद्ध ऑप्टिक्सचा प्रश्न आहे आणि त्याचे नमुने मार्च ते मे आमच्या दारात पिकतात. उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. खारे पाणी जमिनीखालून कुठपर्यंत आले ते शोधायला चार सळया सारख्या अंतरावर ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींत विद्युतदाब मोजायचा. रोधकता निघते 2π गुणिले सळयांमधले अंतर गुणिले रोध. बी.एस्सी.चा प्रयोग आहे. कोरड्या जांभ्यात हजारांत जाणारा आकडा खाऱ्या थरात एक अंकी होतो. फक्त कातळसड्यावर सळई घुसत नाही, भोक पाडून ओला चिखल भरावा लागतो. हे कुठल्याही प्रॅक्टिकलच्या पुस्तकात नाही. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू इल्मेनाइटची आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचा ऑक्साइड. टायटॅनियम डायऑक्साइडवर 1972 साली फुजिशिमा आणि होंडा यांनी प्रकाशाने पाण्याचे विघटन करून दाखवले, त्यानंतर त्या पदार्थावर जगात किती काम झाले त्याला गणती नाही. मी खाणीची भलामण करत नाही. लॅबला मूठभर पुरते.

जैतापूरबद्दल दोन वाक्ये. माडबनच्या सड्यावर 1730 मेगावॅटच्या 6 अणुभट्ट्यांचा बेत आहे आणि त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणारे सगळे किरणोत्साराबद्दल बोलतात. पण आज, काहीच उभे राहिलेले नसताना, आपल्या अंगणात नैसर्गिक किरणोत्सार किती आहे हे आपल्याच मुलांनी मोजून ठेवले तर उद्या कुणाच्याही आकड्यावर विसंबून राहावे लागणार नाही. जगाची नैसर्गिक सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट सांगतात; इथली किती? हे काम विद्यापीठानेच करायचे, कारण दोन्ही बाजू ज्याचा आकडा मानतील असे दुसरे कुणी मला तरी दिसत नाही.

फिजिक्सचा कोकणाला काय उपयोग, असे अजूनही कुणी विचारते तेव्हा मला मधू दंडवते आठवतात. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा हा माणूस 1971 पासून राजापूरमधून पाच वेळा लोकसभेवर निवडून गेला आणि कोकण रेल्वेचा पाठपुरावा त्याने सोडला नाही. मतदारांनी त्यांना डिग्री विचारली नव्हती हे खरे. तरी मला ते सांगायला आवडते.

मागणे काय, तेही आता स्पष्ट लिहिते. किनारपट्टीवर एक सामायिक उपकरण केंद्र हवे. ते कोणत्या तालुक्यात असावे यावर आम्ही आपसांत भांडू, ते आपण मनावर घेऊ नये. सुरुवातीलाच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नको. तो आणला तर उद्घाटनाच्या फोटोनंतर बंद पडेल. टेबलावर मावणारा एक्सआरडी, एक युव्ही-व्हिजिबल वर्णपटमापक, एक एफटीआयआर, नियंत्रित आर्द्रतेचा एक चेंबर आणि रोधकता मोजायचा चार टोकांचा संच, एवढ्यावर इथले बहुतेक विषय निघतात. पण त्याही आधी डीह्युमिडिफायर आणि बॅटरीचा भरवशाचा बॅकअप. आणि त्याही आधी एक कायम तंत्रज्ञ. यंत्र देणारे पुष्कळ भेटतात, दुरुस्तीचे वार्षिक कंत्राट आणि माणसाचा पगार द्यायची वेळ आली की सगळे फाइल बघतो म्हणतात. तंत्रज्ञ मंजूर होत नसेल तर यंत्रे पाठवू नका. आमच्या कपाटांत आधीच पुरेसा डेड स्टॉक आहे.

पैसे कुठून आणायचे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, पण 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन झाले आहे, आणि मोठ्या संस्थेने मध्यवर्ती केंद्र व्हावे, इतर विद्यापीठांनी तिला जोडून घ्यावे अशी त्याची पेअर नावाची योजना आहे. त्या धर्तीवर विद्यापीठ आपल्याच किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांना जोडून घेऊ शकते. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

दुसरे मागणे समितीकडे. विषय नाकारायचा असेल तर नाकारा, पण ‘लोकल’ हे कारण लिहू नका. पद्धत चुकली असेल, नवीन काही नसेल, मोजमापात दम नसेल, तर तसे स्पष्ट लिहा. आम्ही सुधारून आणू. आणि प्रगती अहवालाच्या दहा मिनिटांच्या सादरीकरणासाठी आदल्या रात्रीची गाडी पकडायला लावू नका. कोरोनात हीच सादरीकरणे ऑनलाइन झाली, तेव्हा कुणाच्या प्रबंधाला काही झाले नाही.

तिसरे, अभ्यासमंडळाकडे. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवीचे चौथे वर्ष संशोधनासह ऑनर्सचे केले. त्यासाठी मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि सज्ज लॅब लागते, आणि आमच्यासारख्या कॉलेजांत दोन्ही नाही. परिणामी ज्याला तीन वर्षे चांगले गुण मिळाले तो मुलगा चौथ्या वर्षाला गाव सोडतो, आणि मुलगी असेल तर बरेचदा शिक्षणच थांबवते. सामायिक केंद्रातला मार्गदर्शक आणि कॉलेजातला सहमार्गदर्शक अशी जोडी मान्य केली तर ओली वात, चार सळया आणि हेलियमची नळी यांवर दरवर्षी डझनभर प्रामाणिक प्रोजेक्ट निघतील. सध्या प्रोजेक्टच्या नावाखाली जे जमा होते ते तुम्ही तपासले आहे, त्यावर मी वेगळे बोलत नाही.

पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घेतला तर मी दोन वर्षांचे ओल्या वातीचे आकडे आणि रोधाचे आलेख घेऊन हजर राहीन. ऑनलाइन जमत नसेल तर गाडी पकडीन. आपल्यापैकी कुणाला पाहणीला यायचे असेल तर कृपया जानेवारीत येऊ नये. तेव्हा हवा छान असते, पंप चालतो, आणि सगळे ठीक आहे असा अहवाल जातो. जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यावे. राहण्याची सोय कॉलेज करील. कपडे वाळणार नाहीत, तेव्हा दोन जोड जास्त आणावेत.

कळावे,

आपली विश्वासू,
तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापिका व संशोधक विद्यार्थिनी,
सिंधुदुर्ग किनारा